पहिला लोखंडी बाण

पूर्वी करंजवती नगरात राजा अरिष्टसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व अरण्याच्या काठी, व्याधांच्या वस्तीत, एका धनुष्यकाराच्या घरी जन्मला. त्याचे नाव वेणुक. तो स्वतः शिकार करीत नसे. बांबू केव्हा तोडावा, धुरावर किती शेकावा, हे त्याला बापाकडून मिळाले होते. त्याचे धनुष्य हातात आले की माणसाला आपण बलवान झालो असे वाटे. वेणुकाला याचीच भीती वाटे.

वस्तीत एक चाल होती. नव्या माणसाला पहिले धनुष्य मोल न घेता द्यायचे, आणि त्याच्या हातून पहिली शिकार पडेपर्यंत त्याच्या बाणांचे अर्धे पाप धनुष्यकाराच्या माथी. व्याध ही चाल तोंडाने सांगत आणि पहिल्या शिकारीतला एक वाटा धनुष्यकाराला देऊन मोकळे होत. वेणुक वाटा घेत नसे. पाप मात्र तो खरे धरी.

एका वर्षी पाऊस झाला नाही. तळे आटले, काठचे लव्हाळे जळाले. त्या लव्हाळ्याच्या चटया विणणारा रोहक उपाशी पडला. त्याची बायको सुजनी नुकतीच बाळंत झाली होती आणि तिला दूध येत नव्हते. वैद्याने सांगितले, हिला मांसाचा रस द्या, नाहीतर मूल जगणार नाही. रोहकाने जन्मात धनुष्य धरले नव्हते. तो वेणुकाच्या दारात येऊन बसला.

वेणुकाने त्याचा दंड चाचपून पाहिला आणि त्याला हलके धनुष्य दिले. बाण दिले ते बोथट, लाकडी टोकाचे. अंगणात गवताची पेंढी उभी केली. काम झाले की प्रत्यंचा उतरवून ठेव, असे त्याने सांगितले. लांबून मारू नकोस. जनावराचे तोंड तुझ्याकडे असेल तर मारू नकोस. कूस दिसू दे, मग पुढच्या पायाच्या मागे मार. आणि बाण लागला की खाली बस.

"धावायचे नाही?" रोहकाने विचारले.

"नाही. मागे कोणी नाही असे वाटले तर घायाळ जनावर जवळच आडोसा बघून पडते आणि तिथेच मरते. मागे लागलास तर ते ती वेदना घेऊन सगळे अरण्य पळते."

रोहक शिकू लागला. पण चटया विणणाऱ्याची बोटे थांबत नाहीत. त्यांना थांबायची सवयच नसते. नेम बसण्याआधी ती प्रत्यंचा सोडून देत. बाण पेंढीच्या कडेला लागे, नाहीतर कुंपणात जाई. वस्तीचा मुख्य व्याध मेंडक हे रोज येऊन बघे. "वेणुका," तो म्हणाला, "पेंढी मेली की तिचाच रस कर म्हणावं याला." लोक हसले.

एके दिवशी रोहक आला आणि त्याने धनुष्य उचललेच नाही.

"बाबा, मूल आता रडत नाही," तो म्हणाला.

याचा अर्थ वेणुकाला कळला: मुलात रडण्याचेही बळ उरले नव्हते. रोहकाचा हात तयार नाही हेही त्याला कळत होते. तरी घरात जाऊन त्याने एक लोखंडी टोकाचा बाण आणला आणि रोहकाच्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे रोहक तळ्याकाठी झुडपात दबून बसला. उरलेल्या चिखलातले पाणी चाटायला एक हरिणी आली. बोटे सुटली. बाण तिच्या पोटातून आरपार गेला. ती उडाली, थोडी पुढे गेली, उभी राहिली आणि मागे बघू लागली. त्या वेळी रोहकाने खाली बसायचे होते. त्याला मूल आठवले. बाण उचलून तो धावला. हरिणी पळाली, आणि दुपारपर्यंत तो तिला पळवत राहिला. शेवटी माग हरवला.

तो परतला तेव्हा वस्तीत राजाची माणसे आली होती. राजाचा धनुष्यकार वारला होता. वेणुकाला नगरात न्यायला गाडी उभी होती, आणि त्याच्या बदल्यात वस्तीला धान्य मिळणार होते. वेणुक हत्यारे बांधत होता. रोहकाने सांगितले, नेम चुकला. वेणुकाने त्याच्या हातातला बाण घेतला. रक्त काळपट होते आणि त्यात चघळलेल्या गवताचे कण होते. त्याने बाण नाकाशी नेला.

"पोटात लागला. मागे धावलास?"

रोहकाने मान खाली घातली.

वेणुक हरिणीला शोधायला निघतो आहे हे पाहून राजाच्या अधिकाऱ्याने स्पष्ट सांगितले की गाडी थांबणार नाही, पलीकडच्या गावातही धनुष्यकार आहे. मेंडक पुढे झाला. "एक हरिणी, वेणुका. कोल्हे बघतील तिचं. इथे पोरं उपाशी आहेत."

"कोल्हे बघतीलच," वेणुक म्हणाला, "पण ती जिवंत असताना." त्याने हत्यारांचे गाठोडे खाली ठेवले, पाण्याचा भोपळा घेतला आणि रोहकाला पुढे घालून तो निघाला. त्यांच्या मागे गाडी रिकामी गेली.

ते वाकून थेंब बघत चालले. जिथे हरिणी पडली होती तिथे गवत दबलेले होते, आणि प्रत्येक ठिकाणाहून ती पुन्हा उठली होती. अंधार पडल्यावर ते थांबले. सकाळी ती कोरड्या ओढ्यात सापडली. पाण्यासाठी तिने वाळू उकरली होती. ती अजून श्वास घेत होती. रोहकाने धनुष्य उचलले. वेणुकाने ते हाताने खाली केले. त्याने भोपळ्यातले पाणी तिच्या तोंडात सोडले, तिच्या डोळ्यांवर आपले वस्त्र टाकले, मान कुरवाळली, आणि तिची थरथर थांबल्यावर सुरी चालवली. पोटाकडचे मांस नासले होते. रोहकाने एक मांडी घेतली.

ते वस्तीत आले तेव्हा रोहकाच्या अंगणात बायका बसल्या होत्या. मूल पहाटे गेले होते.

सुजनी रडत नव्हती. तिने मांसाकडे पाहिले. बाण कधी लागला, असे तिने विचारले. काल सकाळी, असे रोहकाने सांगितले. मग इतका उशीर का, असे तिने विचारले. त्याला खोटे बोलता आले असते.

"ती तळ्याकाठीच उभी राहिली होती," तो म्हणाला. "मी बसलो असतो तर काल संध्याकाळी चुलीवर रस असता."

सुजनी उठली आणि आत गेली. रोहकाने धनुष्य मोडायला गुडघ्यावर घेतले. वेणुकाने ते काढून घेतले.

"तुझा हात तयार नव्हता हे तुला ठाऊक नव्हते. मला होते. मी तुझ्या मुलावर दया केली आणि हरिणीला विसरलो. दोन्ही जीव गेले. त्यातले अर्धे पाप माझे आहे." मग तो म्हणाला, "घरात जा. ती एकटी आहे."

वेणुक त्या वस्तीतच राहिला. त्या वर्षी वस्तीने कंद उकरून खाल्ले, आणि मेंडकाने मरेपर्यंत त्याला दोष दिला. त्याने तो ऐकून घेतला. पुढे कोणी कितीही रडले तरी हात तयार झाल्याशिवाय त्याने लोखंडी बाण दिला नाही. आणि ज्याला दिला त्याच्याबरोबर तो स्वतः अरण्यात गेला.

एवढे सांगून शास्ता बुद्ध भिक्खूंना म्हणाला, "आज ध्यानाच्या आसनावर टिकत नाही म्हणून ज्याची तक्रार तुम्ही आणली, तो भिक्खू त्या जन्मी रोहक होता. मेंडक देवदत्त होता. हरिणी म्हणजे थेरी उत्पलवर्णा. आणि तो धनुष्यकार मी होतो. दया माझ्यापाशी तेव्हाही होती. तिला धीर लागतो, हे मी त्या ओढ्यात शिकलो. त्या धीराला क्षांतिपारमिता म्हणतात."