पंखबियांचा हंगाम

त्या मुलखात शेंगा थोड्या येत आणि त्यांची वाट पाहणारे फार होते.

शेंगा पलीकडच्या डोंगरावरून येत. तिथलं झाड कुणी पाहिलं नव्हतं. हंगाम लागला की कासवाच्या दुकानात नव्या शेंगांचे दोन भारे येऊन पडत, आठ दिवसांच्या अंतराने, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं. शेंग वीतभर लांब, चपटी, शिवण घट्ट मिटलेली. आत पाच बिया आणि प्रत्येक बीला कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ पंख. पंख बहुतेक वेळा पांढरट असे, पण एखाद्या शेंगेत सोनेरी पंखाची बी निघे. फोडल्याशिवाय काही कळत नसे, आणि अर्धी गंमत त्यातच होती. किंमत ओंजळभर बोरं. कासवाचा बाप दुकानात बसायचा तेव्हाही तेवढीच होती.

या बिया खाण्यासाठी नव्हत्या. दोन्ही भारे संपले की पहिल्या वाऱ्याच्या संध्याकाळी सगळे माळावर गोल करून बसत. नव्या शेंगेतली बी वाऱ्यावर सोडायची, कुणाची कुठवर जाते ते बघायचं, मग अदलाबदल करायची, चिडवायचं, खोटं खोटं भांडायचं आणि दिवस मावळला की घरी जायचं. खेळ एवढाच होता. पण त्या एका खेळाच्या ओढीने एकमेकांचं तोंड न बघणारेही शेजारी शेजारी बसत.

ज्याच्याकडे नवी बी नाही त्याने गोलाच्या बाहेर, दगडांच्या पलीकडे बसायचं, अशी रीत होती. कुणी वाईट मनाने घातलेली नव्हती. तरी मागच्या हंगामात टिटवी तिथे बसली होती आणि तिला ती फार लागली होती. आत हसू फुटे आणि ते कशावर फुटलं हे तिला कळत नसे. सगळे हसून थांबले की ही हसे, तेही उगीच, आपण रडत नाही हे दिसावं म्हणून.

गोलात टिटवीची जागा ससा आणि साळू यांच्या मध्ये होती. साळूला अंगभर काटे, त्यामुळे ती जरा लांब सरकूनच बसायची. पण टिटवी नाही म्हटल्यावर ती ऐसपैस बसायला शिकली. माणूस असो की जनावर, पाय पसरायची सवय लवकर लागते. टिटवीने ते बाहेरून पाहिलं होतं. या खेपेलाही बी मिळाली नाही तर साळूला ती जागा आपलीच वाटणार आणि मग उठ म्हणायचं कुणी, ही काळजी टिटवीला लागली. पावसाळा सरल्यापासून ती एकेक बोर बाजूला ठेवत होती. ओंजळ भरली तरी दिवसातून चार वेळा उघडून बघे.

पहिला भारा आला त्या दिवशी उजाडायच्या आधीच रांग लागली. टिटवी सहावी होती. सहावीला मिळणार नाही तर कुणाला, असं ससा म्हणाला, आणि तेही खरंच होतं. कासवाने दार उघडलं, सावकाश वळलं, फळीवरून पहिली शेंग काढली आणि सावकाश परत वळलं. तेवढ्या वेळात रांगेच्या तोंडाशी, अगदी फळीपुढेच, जमीन उकरली गेली आणि खालून घूस वर आली. तिच्यामागे दुसरी. तिच्यामागे तिसरी. डोक्यामागे एकच शेंग, असा दुकानाचा नियम होता आणि घुशींनी तो पाळला. डोकी मात्र संपेचनात. प्रत्येक घूस शेंग कानाशी धरून हलवून बघे, कारण सोनेरी पंखाची शेंग भरीव वाजते असं म्हणत, मग ओंजळभर बोरं मोजून टाके आणि बिळात उतरे. सूर्य वर येईपर्यंत फळी रिकामी झाली. रांगेत पहिला असलेला ससाही पहिलाच राहिला.

दुपारी त्याच शेंगा बिळाबाहेर पळसाच्या पानांवर ओळीने मांडलेल्या दिसल्या. थोरली घूस बाजूला बसून होती. तिचं बोलणं मोठं अदबीचं. कुणालाही आधी बसा म्हणायची, मग भाव सांगायची. भाव टोपलीभर बोरांचा होता.

त्यावर माळावर सभा भरली. घुशींना नावं ठेवण्यात अर्धा दिवस गेला, आणि खरं सांगायचं तर तो फार चांगला गेला. साळू म्हणाली, एवढ्या टोपल्या खाऊन घुशींना बिळाचं तोंड रुंद करावं लागेल. शेवटी कासव आलं. त्याने बराच विचार केला होता. ते म्हणालं, पुढच्या भाऱ्यापासून मी प्रत्येक शेंग दुकानातच, फळीवर, शिवणीत उकलून देतो. उकललेली शेंग घुशींना नको असते. ज्याला खेळायचं आहे त्याला ती चालेल.

उपाय सोपा होता. टिटवीला वाटलं, आता सगळे हो म्हणणार. पण सगळे आपापल्या पायांकडे बघू लागले. मग ससा म्हणाला, "काका, आमची शेंग तुम्ही का फोडायची?" साळू म्हणाली, घरी नेऊन चार माणसांत फोडायची मजा वेगळी. आणखी कुणी म्हणालं, फोडायची की नाही हे ज्याचं त्याने बघावं. कासवाने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, मान आत घेतली आणि निघून गेलं. सगळ्यांना घरी नेऊन फोडायची हौस आहे, असंच टिटवीला वाटलं. तिलाही ती होतीच.

आता दुसरा भारा उरला होता. त्यानंतर थेट वारा.

ते आठ दिवस टिटवीने कसे काढले ते तिलाच ठाऊक. बिळाच्या तोंडावर दगड ठेवून झाले; घुशींनी दगडाशेजारून उकरलं. काटे टाकून झाले, काट्यांखालून उकरलं. टिटवीला झाडावर बसता येत नाही, तिचं उठणं बसणं सगळं जमिनीवर. त्यामुळे खाली माती कुठे हलते हे तिच्या पायांना आधी कळतं. सातव्या दिवशी तिने सशाला सांगितलं की मी रांगेत उभी राहत नाही, मी फळीपुढे बसते.

"आणि तुझी शेंग?" सशाने विचारलं.

तेच तर भय होतं. ससा म्हणाला, तू जागा सोडू नकोस, तुझं मी बघतो. त्याच्या बोलण्यावर विसंबावं की नाही हे ठरवायला तिला रात्र पुरली नाही.

दुसऱ्या दिवशी दार उघडलं आणि जमिनीखाली खरवडणं सुरू झालं. टिटवी धावत जाऊन तिथे बसली. आवाज डावीकडे सरकला, ती डावीकडे धावली. एक नाकाड वर आलं, तिने चोच मारली. ओरडून तिने अख्खा माळ डोक्यावर घेतला. तिच्या मागून रांग पुढे सरकत होती. ससा शेंग घेऊन गेला. साळू घेऊन गेली. टिटवी मान वळवून फळीकडे बघे आणि उरलेल्या शेंगा मोजे. अकरा होत्या. मग सात. रांगेत अजून सहा जण उभे होते. ती आत्ता उठली असती तर तिला शेंग नक्की होती, पण मोकळी जागा मिळताच घुशी वर आल्या असत्या आणि त्या सहांचं काय, हेही तिला दिसत होतं. खाली माती पायांना गुदगुल्या करत होती. तिने डोळे मिटून घेतले.

उघडले तेव्हा रांग संपली होती आणि फळीवर एक शेंग होती. टिटवी उठली. ती उठताच मागे जमीन फुटली आणि थोरली घूस अंग झटकत बाहेर आली. तिने कासवापुढे टोपली सरकवली, काठोकाठ भरलेली. ससा परत येऊन फळीला टेकून उभा होता, तो टोपलीकडे बघत राहिला. कासवाने शेंगेवर पाय ठेवला.

"किंमत ओंजळभर आहे," ते म्हणालं, "आणि ही बाई सकाळपासून इथेच आहे."

टिटवीने घाईघाईने बोरं दिली, त्यात चार खाली पडली.

त्या दुसऱ्या भाऱ्यातली एकही शेंग घुशींच्या हाती लागली नाही. सगळ्या शेंगा घरोघरी गेल्या, ठरल्या किमतीला. असं कैक वर्षांत झालं नव्हतं. दोन दिवस टिटवीचं कौतुक चाललं. साळू स्वतः येऊन सांगून गेली की तुझी जागा तुझीच आहे, मी आपली राखण करत होते.

तिसऱ्या दिवशी थोरली घूस घरोघर हिंडली. टिटवीकडेही आली. राग नाही, काही नाही. तब्येतीची चौकशी केली. मग म्हणाली, "शेंग घ्यायला नाही आले. खेळायचं असेल तर खुशाल खेळा. फोडलेली मला नको, एवढंच सांगायला आले. बंद असली तर पुढच्या हंगामाला दोन टोपल्या देईन."

आणि ती पुढच्या घरी गेली.

टिटवीने शेंग कानाशी धरली. एकदा भरीव वाजल्यासारखी वाटली, एकदा नाही. फोडली आणि पाचही बिया पांढरट निघाल्या तर? बंद होती तोवर तिच्यात सोनेरी पंख होता. त्यानंतर ती बोरं बघत असे तशी शेंग बघू लागली, फक्त चारऐवजी दहा वेळा.

वाऱ्याची संध्याकाळ आली. माळ भरला. दगडांपलीकडे या खेपेला कुणीच नव्हतं, सगळेच गोलात होते, आणि टिटवी ससा आणि साळू यांच्या मध्ये बसली. साळू नीट सरकून बसली होती. प्रत्येकाने आपापली शेंग आणली होती, आणि प्रत्येकाची शिवण मिटलेली होती. कुणी आधी फोडावी म्हणून सगळे एकमेकांकडे बघत होते. चिडवाचिडवी झाली, पण ती शेंगा कशा वाजतात यावर झाली. टिटवीने चोच शिवणीवर ठेवली. सशाने तिच्या पंखाला हळूच ढोसलं.

"आत्ता नको गं," तो म्हणाला. "सगळ्यांच्या बंद आहेत."

तिने चोच काढली.

मग वारा आला. चांगला, भरपूर, कितीतरी हंगामांत आला नव्हता असा. शेंगा हलक्या असतात, उडून जातील म्हणून सगळ्यांनी त्या पोटाशी धरल्या आणि वाऱ्याला पाठ केली. एकेक जण वळला तसा गोल मोडला. सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला झाली, एकामागे एक, दुकानाच्या दिशेने. टिटवीने शेंग पंखाखाली आवळली आणि समोरच्या सशाच्या पाठीला चिकटून उभी राहिली, मध्ये कुणी शिरू नये म्हणून.