वडाचं पान

माणसं चेंडू शिवायला शिकली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. एका रानातले प्राणी वाळक्या कवठाने फुटबॉल खेळत. बघे मैदानाकडेच्या वडावर बसत. त्यांनी वडाचं पान ज्याच्यापुढे टाकलं, त्याने संघ सोडायचा, असा तिथला रिवाज होता.

नदीपलीकडच्या संघाशी रान दोनदा हरलं. तिसऱ्यांदा हरलं तर पाणवठा जाणार होता. वडावर कुजबुज सुरू झाली.

"सशावर लक्ष ठेवा," हुप्प्या वानर म्हणाला. "सारखा त्यांच्या गोलापाशी घुटमळतो. तिकडे एवढं कसलं काम असतं त्याचं?"

"आणि ते मुंगूस," साळुंकी म्हणाली. "चेंडू मिळाला की लगेच दुसऱ्याला देऊन मोकळं होतं. एवढी घाई कशाची?"

"मला तर गोलातलं कासव खटकतं," हुप्प्या म्हणाला. "सगळे धावतात आणि हे जागचं हलत नाही. कुणाची वाट बघतं?"

तिघांपुढे पानं पडली. तिघांनी संघ सोडला.

तिसऱ्या सामन्याला गोल राखायला कुणीच उरलं नाही, म्हणून हुप्प्या स्वतः उतरला. चेंडू अजून लांब होता, तरी दोन्ही हात पसरून तो इमानाने उभा राहिला.

वडावर साळुंकी शेजारच्या कावळ्याकडे सरकली.

"हुप्प्याकडे बघ जरा," ती हळूच म्हणाली. "सगळे धावताहेत आणि हा जागचा हलत नाही."

थोड्याच वेळात हुप्प्याच्या पायाशी एक हिरवं पान येऊन पडलं.