टिटवीचं दुखणं

त्या रानात वैद्य दोनच होते, आणि त्या दोघांचं एकमेकांशी फार चांगलं जमत असे. एक होता शिंपी पक्षी. फाटलेला पंख तो असा शिवून द्यायचा की टाका शोधावा लागे. दुसरा सुतार पक्षी. तो अंगावर चोचीनं ठकठक करायचा, कान लावायचा आणि आत काय बिघडलंय ते सांगायचा. या दोघांच्या धंद्यात एक रीत होती. एकानं घातलेला टाका दुसऱ्यानं उसवायचा नाही. ही रीत कुणी घालून दिली ते कुणालाच ठाऊक नव्हतं, पण रानातल्या बाकी साऱ्या रीती मोडल्या तरी ही मोडली नव्हती.

माळावरच्या टिटवीचा पंख घारीच्या झडपेत फाटला, तेव्हा ती शिंप्याकडे गेली. दुसरीकडे जाणार तरी कुठे? शिंप्यानं बाभळीचा काटा घेतला, पंखाच्या दोन्ही कडा टाचल्या आणि सावरीच्या दोऱ्यानं शिवायला घेतलं. शिवत शिवत शेवटाला आलं की काटा ओढून काढायचा, असं ते काम. पण नेमकी तेव्हाच मोराकडची मंडळी नाचाचं बोलावणं घेऊन आली. "पुढच्या फांदीवर बसायचं बरं का, वैद्यबुवा," असं ती म्हणत होती आणि वैद्यबुवा हसत हसत शिवत होते. काटा आतच राहिला, त्यावर शेवटचा टाका पडला, आणि शिंपी पिसं साफसूफ करून नाचाला निघून गेला.

टिटवीचं घर म्हणजे उघड्या माळावरचे खडे आणि त्यांत खड्यांच्याच रंगाची अंडी. ती अंड्यांवर बसून राहिली. वाटलं, दुखणं चार दिवसांत उतरेल. कसलं उतरतंय! पंख सुजला, तापला. उडायला गेली की जेमतेम झुडपाइतकी वर जाई आणि भदकन खाली येई.

ती पुन्हा शिंप्याकडे गेली. "वैद्यबुवा, आत काहीतरी टोचतंय हो."

शिंप्यानं टाके न्याहाळले. स्वतःचंच काम, त्याला ते आवडलं. "वरून काही दिसतंय का? नाही ना? मग?"

"वरून नाही दिसत. आतून टोचतंय."

"तू टिटवी ना गं?" शिंपी हसला, आणि शेजारच्या फांद्याही हसल्या.

हसण्याचं कारण सगळ्या रानाला ठाऊक होतं. शत्रू पिल्लांजवळ आला की टिटवी पंख मोडल्याचं सोंग करते. लंगडत, फरफटत त्याला लांब नेते, आणि तो झडप घालणार इतक्यात भुर्रकन उडून जाते. या सोंगाचं रानात भारी कौतुक. तेच कौतुक आता तिच्या मुळावर आलं होतं.

मग ती सुताराकडे गेली. सुतारानं पंखावर ठकठक केलं. एका जागी आवाज निराळा आला. त्यानं पुन्हा ठोकलं, कान लावला. त्याला कळायचं ते कळलं होतं. पण मागे एकदा त्यानं मुनियेच्या भलत्याच पायावर चोच चालवली होती, आणि शिंप्यानं तो पाय मुकाट्यानं शिवून दिला होता. चकार शब्द कुठे काढला नव्हता.

"बरं व्हायला वेळ लागतो," सुतार म्हणाला. "विश्रांती घे."

"विश्रांती कसली घेऊ? पिल्लं बाहेर पडायला आलीत. कोल्हा आला तर उडू कशी मी?"

"काळजी करू नकोस. काळजीनंच दुखणं वाढतं."

टिटवा मात्र तापट. बायकोला घेऊन तो थेट वैद्यांच्या उंबरापाशी गेला आणि त्यानं आरडून ओरडून सगळं रान गोळा केलं. शिंपी शांतपणे म्हणाला, "चालून दाखव." ती चालली. पंख मातीत फरफटत होता.

"वा!" वरून आवाज आला. "अगदी हुबेहूब!"

"डोळे फुटले का रे तुमचे?" टिटवा किंचाळला. "खरंच लंगडतेय ती!"

"तुझंही छान झालं," शिंपी म्हणाला. "आवाज तेवढा जरा चढा लागला."

टिटवीला तिथेच रडू आलं. दुखणं ती सोसत होती. ती वाहवा तिला सोसवेना.

पिल्लं बाहेर पडली. एका दुपारी टिटवा पोटाची पिसं भिजवून आणायला पाणथळीवर गेला होता. ऊन फार होतं, पिल्लांना तेवढाच गारवा. नेमका तेव्हा कोल्हा वास घेत माळावर आला. टिटवीनं इशारा दिला, तशी पिल्लं खड्यांना चिकटून निपचित पडली. ती उठली. ओरडत, पंख फरफटवत कोल्ह्याच्या पुढ्यात गेली, आणि पिल्लांकडे पाठ करून चालू लागली. कोल्हा तिच्या मागे वळला.

उंबरावर दोन्ही वैद्य पाहुण्यांबरोबर फळं खात बसले होते.

"बघा, बघा," शिंपी म्हणाला. "लागली सोंगाला. आता त्याला बोरीच्या जाळीपर्यंत नेईल, आणि मग बघा कशी उडते!"

"पिल्लं वाचली म्हणायची," एक पाहुणा म्हणाला.

पिल्लं वाचली होती, त्यात शंका नव्हती. टिटवी त्याला लांब, आणखी लांब नेत राहिली. अखेर ती जाळीआड गेली, आणि तिच्यामागून कोल्हाही गेला.

"आता!" शिंपी म्हणाला, आणि त्यानं मान वर केली. पाहुण्यांनी माना वर केल्या. जरा उशिरानं सुतारानंही केली. जाळीच्या वरचं आभाळ अगदी स्वच्छ होतं. सगळे तिथे बघत राहिले, आणि बराच वेळ कुणी मान खाली केली नाही.