उद्धवची दोन दिवसांची सर्दी

“पण महाराज, मला कसं काही झालं नाही?”

उद्धव मठाच्या पायरीवर बसला होता. डोंगरावरच्या धनगरवाडीतून तो नुकताच उतरला होता. सात घरांची वाडी. आठवड्याभरात तापानं तिघं गेली.

सोमगिरी महाराज वाल सोलत होते.

थंडीत खालच्या गावात तापाची साथ आली, तेव्हा उद्धव घरोघर फिरला. आजाऱ्यांची डोकी मांडीवर घेऊन काढा पाजला. त्याला स्वतःला झाली ती नुसती सर्दी, दोनच दिवस. लोक म्हणाले, साधनेचं बळ! उद्धवलाही ते पटलं. त्या वाहत्या नाकानंच तो वाडीवर गेला, एकेकाला पोटाशी धरलं, त्यांच्या ताटात जेवला.

“त्यांना वाचवायला माझी साधना कमी पडली का?”

“गेल्या वर्षी या दिवसांत तू कुठे होतास?”

“इथेच. तापानं फणफणलो होतो.”

“आणि गाव?”

“निम्मं गाव अंथरुणाला...” उद्धव अडखळला.

“ज्यांना तेव्हा ताप येऊन गेला, त्यांच्यापाशी यंदा तो फार रेंगाळला नाही. त्यांच्याकडून पुढेही फारसा गेला नाही. म्हणून गाव लवकर सावरलं. तूही; तुझी सर्दी म्हणजे तोच ताप.”

“आणि वाडी?”

“तिथे कोण जातं? ना कुणाची ये, ना कुणाची जा... तो ताप वर कधी पोचलाच नव्हता.”

उद्धवला म्हातारा धुळाबा आठवला. मिठी मारली तेव्हा तो केवढा लाजला होता! “मला कुणी असं जवळ घेत न्हाई, बाबा,” म्हणाला होता. पहिला तोच गेला.

“म्हणजे... मी नेला.”

महाराजांनी पुढची शेंग उचलली.

उद्धव त्यांच्या पायांवर डोकं ठेवायला वाकला. महाराजांनी पाय मागे घेतले.

तो तसाच वाकलेला राहिला. मग हळूच म्हणाला, “निघताना तुमचा निरोप घेतला होता. तुमच्यासमोर शिंकलो होतो. तुम्हाला हे ठाऊक होतं?”

“होतं.”

“मग अडवलं का नाहीत?”

महाराजांचे हात थांबले. त्यांनी वालांचं सूप बाजूला सारलं.

“गावात तुझं नाव निघालं, की लोक माझ्याही पाया पडत होते.”