थोरल्याची जागा

“…मग थोरला कुठे गेला?”

शांतवन गुरुजींनी चित्रावरची नजर न काढता विचारलं.

गुरुजी आधी रेषांबद्दल बोलतील, निदान शाईबद्दल तरी, असं अमोसला वाटलं होतं. हा प्रश्न त्याच्या ध्यानीमनी नव्हता.

“कोण थोरला, गुरुजी?”

“उधळ्या पुत्राचा भाऊ. तू याची फळी कोरलीस तेव्हा होता. इथे, दाराच्या या बाजूला. खांद्यावर फावडं घेऊन उभा.”

अमोस हसला. “तो होय! काढून टाकला.”

गुरुजी राहुरीला, मिशनच्या जुन्या आवारात एकटेच राहत. लाकडी फळीवर चित्र कोरायचं, तिला शाई लावायची आणि कागदावर छाप उठवायची, ही विद्या अमोस त्यांच्याच हाताखाली शिकला होता. आता नगरात चर्चजवळ त्याचं स्वतःचं दुकान होतं. नोहाचं तारू, विहिरीवरची शोमरोनी बाई, पाण्यावर चालता चालता घाबरलेला पेत्र… बायबलातल्या गोष्टींची त्याची चित्रं घरोघरी लागली होती. सगळ्यात जास्त खपायचं ते हे. धोतर-पागोट्यातला म्हातारा बाप अंगणात धावत येतो आणि सगळं उधळून परतलेल्या धाकट्याला पोटाशी धरतो.

पुण्यात अमोसच्या चित्रांचं प्रदर्शन ठरलं होतं. त्याचं उद्घाटन गुरुजींच्या हस्ते व्हावं, म्हणून तो आला होता.

“का काढून टाकलास?”

“गिऱ्हाईक कुरकुर करायचं. हा रुसलेला कोण, म्हणायचं. दिवाणखान्यात असलं तोंड कशाला… मग एके दिवशी कोरणी घेतली आणि उडवला त्याला. तेवढा भाग खोल गेला, तिथे शाई लागत नाही. जागा पांढरी उठते. आता लोक त्या जागेवर गृहप्रवेशाच्या शुभेच्छा लिहून चित्र भेट देतात.”

गुरुजींनी चित्र खिडकीपाशी नेलं. पांढऱ्या जागेवर बोट ठेवलं.

“खप वाढला?”

“भलताच वाढला.”

गुरुजींनी मान हलवली. चित्र टेबलावर ठेवून ते चहा गाळू लागले.

“सिलास परत आलाय म्हणे.”

अमोसने कप हातात घेतला, पण तोंडाला लावला नाही.

सिलास त्याचा धाकटा भाऊ. वाटणीला आलेली लिंबोणीची बाग विकून तो मुंबईला गेला, तो आईच्या मातीलाही आला नव्हता. सुगीच्या दिवसांत एकाएकी गावी वडिलांच्या दारात येऊन उभा राहिला, ओळखू येणार नाही इतका खंगलेला. तेव्हापासून अमोस गावाकडे फिरकला नव्हता.

“आलाय,” तो म्हणाला. “बाबांनी बोकड कापला. भावकीला जेवायला बोलावलं. मलाही निरोप होता.”

“गेला नाहीस?”

“आईचं सगळं मी केलं, गुरुजी. दवाखान्यात मी बसलो. बाबांच्या डोळ्यांचं ऑपरेशन मी करवलं. माझ्यासाठी कधी कुणी कोंबडंसुद्धा कापलं नाही.”

गुरुजींनी गाळणं धुऊन ठेवलं.

“परवा बाबा दुकानात आले होते,” अमोस म्हणाला. “घरी चल, म्हणाले. समोर पुण्याची बाई बसलेली, प्रदर्शनाचं बोलत होती. मी म्हटलं, बसा जरा, मोकळा होतो. तर बाहेर पायरीवर जाऊन बसले, उन्हात. मी येऊन बघतो तर एसटी पकडून निघून गेलेले.”

“मोकळा व्हायला किती वेळ लागला?”

अमोसने कप तसाच टेबलावर ठेवला.

गुरुजींनी कपाटातून एक कोरा कागद काढला. त्याच्यापुढे पसरला. वर कोळशाची कांडी ठेवली.

“एक चित्र काढ. बाप घराबाहेर येतो ते.”

“तेच तर आहे हे.”

“हे पहिल्यांदा आला ते. दुसऱ्यांदा येतो ते काढ.”

“दुसऱ्यांदा?…”

अमोस बोलता बोलता थांबला. गोष्ट त्याला लहानपणापासून पाठ होती. धाकटा परत येतो, घरात वाजंत्री आणि जेवणावळ सुरू होते. थोरला शेतावरून येतो, आवाज ऐकतो आणि बाहेरच थांबतो. आत पाऊल टाकणार नाही म्हणतो. मग बाप पुन्हा बाहेर येतो आणि त्याची समजूत घालू लागतो. गोष्ट तिथेच संपते. इतकी वर्षं तो ती गोष्ट छापून विकत होता, पण बापाचं हे दुसरं येणं काही त्याच्या मनात आलं नव्हतं.

त्याने कोळसा उचलला.

थोरला झरझर उतरला. पाठमोरा, मान ताठ, मुठी आवळलेल्या. बापाशी मात्र हात अडखळला. चेहरा काढला, पुसला, पुन्हा काढला. शेवटी जो उमटला, तो त्याने पुसला नाही. तो दुकानाच्या पायरीवर बसलेल्या म्हाताऱ्याचा होता.

“थोरला शेवटी आत जातो का, गुरुजी?”

“सांगितलेलं नाही.”

“मग हे पुरं कसं करू मी?… आणि असलं चित्र घरात लावणार कोण?”

गुरुजी कागदावर वाकले. चित्रातल्या बापाने थोरल्यापुढे हात जोडले होते.

गुरुजींनी अंगठ्याने ते जोडलेले हात पुसून टाकले. तिथे नुसता काळपट डाग राहिला.

“विनवतोय ना तो…” अमोस म्हणाला. “हात जोडणार नाही, तर काय करील?”

गुरुजींनी खाली पडलेला कोळसा उचलून त्याच्या हातात दिला.

“उजवा हात उष्टा काढ त्याचा. भरल्या पंगतीतून उठून आलाय तो.”