कावळ्याने निवडलेले शहर

माळाच्या शेवटाला एक जंगल होते. त्या जंगलात एक कोल्हीण आपल्या दोन मुलांसह राहत असे. मुलांनो, त्यातला धाकटा कोल्हा होता आणि थोरला कुत्रा. यात हसण्यासारखे काही नाही. कुणीतरी माणसाने डोळेही न उघडलेले एक पिल्लू पोत्यात घालून जंगलाच्या कडेला टाकून दिले होते. त्या वर्षी कोल्हिणीची स्वतःची पिल्ले जगली नव्हती. तिने दाताने पोते फाडले, पिल्लू तोंडात धरून घरी आणले आणि त्याला पाजले. पुढच्या वर्षी तिला धाकटा झाला. त्याने डोळे उघडले तेव्हा समोर कुत्रा बसलेला होता. तेव्हापासून कुत्रा त्याचा दादा.

कुत्र्याला शिकार फारशी जमत नसे. चालताना त्याचा पाय वाजे आणि ससे पळून जात. पण ओढ्यातले खेकडे धरावेत ते त्यानेच. धाकट्याच्या पायात काटा रुतला की तो दातांनी हळूच काढी. रात्री थंडी पडली की तो बाहेरच्या बाजूला झोपे, म्हणजे वारा त्याला लागे आणि धाकट्याला लागत नसे. एवढे करून तो कधी बोलून दाखवत नसे. असा भाऊ ज्याला असतो त्याला तो असेपर्यंत काही कळत नाही.

मग जंगलात दगडाची खाण सुरू झाली. रोज सुरुंग उडू लागले. ओढ्याचे पाणी चुन्यासारखे पांढरे झाले, खेकडे मेले, आणि एकेक प्राणी घर सोडून जाऊ लागला. सगळे डोंगरापलीकडच्या मोठ्या रानात चालले होते. तिथे पाणी होते, झाडी होती, पण तिथे बिबट्याही होता. कोल्हे बिबट्याला चुकवतात. कुत्र्याचा वास मात्र बिबट्याला लांबून येतो आणि कुत्र्याचे मांस त्याला फार आवडते.

म्हणून कोल्हिणीने ठरवले की आपण रानात जायचे नाही, शहरात जायचे.

"कुत्र्यापायी शहरात निघालीस?" साळींदर म्हणाले. "अगं, त्याला इथंच सोड. तो काय तुझा आहे?"

"दूध मी पाजलंय त्याला," कोल्हीण म्हणाली. "तुझ्याकडं मागायला आले होते का?"

साळींदर काटे हलवत निघून गेले. आता प्रश्न एकच उरला. शहरे तीन होती. एक डोंगराच्या पायथ्याशी, एक किल्ल्याजवळ आणि एक नदीकाठी. कोणत्या शहरात कुत्र्याला जागा मिळेल?

जंगलात एक कावळा होता. तो तिन्ही शहरांत जाऊन येई. येताना चोचीत कधी पोळीचा तुकडा आणी, कधी चकचकीत कागद. त्यामुळे सगळे त्याला शहाणा समजत. तो वडाच्या सगळ्यात उंच फांदीवर बसे आणि खाली उभ्या असलेल्यांना सल्ला देई. कोल्हीण दोन्ही मुलांना घेऊन वडाखाली गेली.

"कावळेभाऊ," ती म्हणाली, "आम्हाला शहरात जायचंय. थोरल्याला घेऊन. तुम्ही सगळं पाहिलेलं आहे. कुठं जावं?"

"कोल्हीणबाई, यात विचार कसला करायचा?" कावळा म्हणाला. "नदीकाठचं शहर. डोळे झाकून जा. कोपऱ्याकोपऱ्यावर कचऱ्याचे ढीग आहेत. मटणाच्या दुकानांची तर रांगच. आजवर मी तिथं उपाशी राहिलो नाही."

"आणि याचं काय?" कोल्हिणीने कुत्र्याकडे पाहिले.

"याचं? अहो, याचे आपले तिथं पुष्कळ आहेत. गल्लीगल्लीत कुत्रे. डोंगराजवळच्या गावात आहेत चार-दोन, तिथं हा बिचारा एकटा पडेल. आपली माणसं असावीत हो शेजारी."

 कुत्रा हळूच म्हणाला, "मला ते डोंगराजवळचं गाव बरं वाटतं."

"तू कधी पाहिलंस रे?" कावळ्याने मान वाकडी करून विचारले.

"पाहिलं नाही. ऐकलंय. संध्याकाळी कड्यावर बसलं की तिन्हीकडचं ऐकू येतं. डोंगराजवळच्या गावात एक कुत्रं भुंकतं, दुसरं उत्तर देतं, मग दोघं गप्प होतात. नदीकाठी भुंकणं थांबतच नाही. इतकं भुंकतायत म्हणजे कुणीतरी कुणाला तरी हाकलत असणार."

कावळा हसला. त्याच्या शेजारचे दोन कावळेही हसले, कारण तो हसला होता.

"घ्या. हे बसल्या जागी कानानं शहर बघतं," कावळा म्हणाला. "अरे वेड्या, भांडत नाहीत ते, गप्पा मारतात. आम्ही नाही का काव काव करत? एकानं हाक मारली की शंभर जमतो आम्ही. एखाद्याला दुखलं खुपलं तर सगळे धावतात. जात म्हणजे काय, ते तुला कसं कळणार? तू वाढलास कोल्ह्यांत. आता आपल्यांत जा. आणि जाताना असा खाली मान घालून जाऊ नकोस. ताठ जा, शेपटी वर करून. आपल्या घरात जाताना लाजायचं नसतं."

"पण काका," धाकटा म्हणाला, "दादाला जिथं राहायचंय तिथलं दादालाच—"

"मोठी माणसं बोलतायत ना?" कावळा म्हणाला.  कोल्हिणीने कावळ्याला नमस्कार केला. कुत्र्याने आईकडे पाहिले, ती आधीच थकलेली दिसत होती, आणि तो पुढे काही बोलला नाही.

तिघे नदीकाठच्या शहराकडे निघाले. संध्याकाळी ते शहराच्या कडेला पोहोचले. तिथे एक मोठा नाला होता आणि नाल्याच्या काठाने वेड्या बाभळींची दाट झाडी होती. कोल्ह्यांना लपायला ती जागा छान होती.

"तुम्ही इथंच थांबा," कुत्रा म्हणाला. "मी आधी भेटून येतो. ओळख झाली की तुम्हालाही कुणी त्रास देणार नाही."

"लवकर ये हं, दादा," धाकटा म्हणाला.

कुत्र्याने शेपटी वर केली, छाती पुढे काढली आणि तो पहिल्या गल्लीत शिरला. त्याला कुणी सांगितले नव्हते, मुलांनो, की परक्या गल्लीत शेपटी वर करून जाणे म्हणजे तिथल्या कुत्र्यांना लढाईला बोलावणे. हे जन्मल्याबरोबर प्रत्येक कुत्र्याला त्याची आई शिकवते. याची आई कोल्हीण होती. तिला ते ठाऊक नव्हते. आणि कावळ्याला तर कुत्र्याची शेपटी वरून कशी दिसते तेवढेच ठाऊक होते.

गल्लीतले कुत्रे उठून उभे राहिले. त्यांच्यात कान फाटलेला एक दांडगा कुत्रा होता. तो पुढे आला.

"कुठला रे तू?"

"मी तुमच्यातलाच आहे," कुत्रा म्हणाला.

"आमच्यातला?" त्याने हुंगले. "अंगाला कोल्ह्याचा वास मारतोय."

"आईचा वास आहे तो."

सगळी गल्ली हसली. "ऐकलं का? याची आई कोल्हीण. मग बाप कोण, उंदीर?"

"गल्ली कुठली तुझी?" कानफाट्याने विचारले.

"गल्ली नाही. आम्ही जंगलातून आलोय. कावळा म्हणाला, तुम्ही आपले आहात."

"मग जा की कावळ्याच्या घरट्यात," कानफाट्या म्हणाला, "इथं आमचंच आम्हाला पुरत नाही," आणि त्याने पहिला चावा घेतला.

कुत्रा पळाला. ही गल्ली संपली आणि दुसरी सुरू झाली. तिथले कुत्रे तयारच होते. तिथून तिसरीत. शहरात एक गल्ली संपते तिथेच दुसरी सुरू होते. ज्याची कुठलीच गल्ली नाही, त्याला उभे राहायला मध्ये जागा सोडलेली नसते. आता त्याच्या मागे सगळ्या गल्ल्या एक होऊन धावत होत्या. कावळा म्हणाला होता की एका हाकेला शंभर जमतात. जमले.

पळता पळता तो नाल्याजवळ आला. पलीकडे बाभळीतून धाकटा त्याला पाहत होता. एक उडी मारली असती तर कुत्रा झाडीत पोहोचला असता. त्याने झाडीकडे पाहिले, आणि मग मागे येणाऱ्या कुत्र्यांकडे. ते झाडीत शिरले असते तर त्यांनी आई आणि धाकट्यालाही सोडले नसते. तो वळला आणि उलट्या दिशेला, शहराच्या आत, जोरात भुंकत पळाला, म्हणजे सगळे त्याच्याच मागे यावेत. सगळे त्याच्या मागे गेले. धाकटा उठला होता. आईने त्याची मान दातांत धरून ठेवली. त्याने किती हिसके दिले, तरी तिने सोडली नाही.

सकाळी ते दोघे त्याला शोधत गेले. तो एका कचऱ्याच्या ढिगाजवळ पडलेला होता. ढीग मोठा होता. त्यात पोळ्या होत्या, भात होता, हाडे होती. अन्नाबद्दल कावळा खरे बोलला होता. धाकट्याने दादाचे कान चाटले, पाय चाटले. आई त्याला चल म्हणाली तेव्हा तो चालला नाही. ती पुन्हा चल म्हणाली.

आता पलीकडच्या मोठ्या रानात जायला काही अडचण उरली नव्हती.

रानाची वाट जुन्या जंगलातूनच जात होती. वडाखाली गर्दी होती. सशीण आपली पिल्ले घेऊन उभी होती आणि कावळा वरून तिला सांगत होता की किल्ल्याजवळचे शहर सशांसाठी उत्तम, गवतच गवत. कोल्हिणीला पाहून तो थांबला.

"अरे, परत आलात? थोरला कुठाय?"

कोल्हिणीने सांगितले. ती हळू बोलली, त्यामुळे सगळ्यांना गप्प राहून ऐकावे लागले.

"अरेरे," कावळा म्हणाला. "फार वाईट झालं. पण कोल्हीणबाई, शहर चांगलंच आहे हो. त्याच्याच वागण्यात काही कमीजास्त झालं असेल. मुळात बुजरा होता. मिसळायला जमलं नसेल." मग त्याने मान वर करून हाक दिली. आजूबाजूचे कावळे जमले आणि शोक करू लागले. काव, काव, काव. ज्यांनी कुत्र्याला कधी धड पाहिलेही नव्हते, ते सगळ्यात मोठ्याने ओरडत होते. कोल्हीण मान खाली घालून उभी राहिली.

"गप्प बसा," धाकटा म्हणाला.

कुणी ऐकले नाही. तो वडाच्या बुंध्यावर चढू लागला. कोल्ह्याला झाडावर चढता येत नाही. तो घसरून खाली पडला, पुन्हा चढला, पुन्हा पडला, त्याच्या नखांतून रक्त आले. तेव्हा कावळे आपोआप गप्प झाले.

"त्या शहरात तू जमिनीवर उतरतोस का?" धाकट्याने खालूनच विचारले. या वेळी तो त्याला 'काका' म्हणाला नाही.

"उतरतो की. ढिगावर."

"आणि तेवढ्यात कुत्रे आले तर?"

"कुत्रे आले तर काय," कावळा म्हणाला, "उडतो."

बोलून झाल्यावर त्याने चोच मिटली.  सशिणीने वर पाहिले, मग स्वतःच्या पायांकडे, मग पिल्लांच्या पायांकडे. तिने पिल्लांना पुढे घातले आणि ती निघाली.

"अहो, किल्ल्याकडची वाट तिकडे नाही," कावळा म्हणाला.

"माहीत आहे," सशीण म्हणाली. "रानाच्या कडेला एक म्हातारा ससा राहतो, किल्ल्याजवळून पळून आलेला. आधी त्याला विचारते."

कावळ्याला काही शिक्षा झाली नाही. गोष्टीत ती होते, आणि तुम्ही तिची वाट पाहत असाल, पण मी खोटे सांगणार नाही. तो अजून त्याच फांदीवर बसतो आणि विचारायला येणारेही त्याला मिळतात. धाकट्याला सशीण वाचल्याचा आनंदही झाला नाही. तिच्या पिल्लांना कुणीतरी वेळेवर सांगितले. त्याच्या दादाला सांगितले नव्हते.

मोठ्या रानात पोहोचल्यावर धाकट्याने बीळ खणले. दोघांसाठी ते फार मोठे झाले.  रात्री वारा सुटला तेव्हा धाकटा उठला आणि बाहेरच्या बाजूला जाऊन झोपला.

तात्पर्य : संकट आले की जो उडून जाऊ शकतो, त्याला पायी चालणाऱ्याने घर कुठे करावे हे विचारू नये, ज्याला तिथे राहायचे आहे त्याचे ऐकावे. आणि ज्याने दुसऱ्याच्या जिवावर सल्ला दिला, त्याने निदान नंतर रडायला तरी येऊ नये.