टिटवीच्या पिलांचं कुंपण

एकदा एक म्हातारा गुरू आपल्या शिष्यासह उघड्या माळावर झोपडी बांधून राहत होता. शिष्य मनाने चांगला, पण भारी काळजीखोर. अशांच्या चांगुलपणाची मला धास्तीच वाटते.

झोपडीपलीकडच्या खडकाळ जागेत टिटवीची पिलं नुकतीच अंड्यातून निघाली होती. टिटवी काड्यांचं घरटं बांधत नाही. दगडांत अंडी, दगडांतच पिलं. पंखांत बळ यायला अवकाश, मग उडणार कशी? शिष्याला अन्न गोड लागेना. त्या मुलखात वासरू असो की रोपटं, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घालायची रीत. त्याने काटेरी फांद्या तोडून आणल्या, पिलांभोवती गोल रचल्या आणि घाम पुसत मागे वळला. पाहतो तर वठलेल्या झाडावर दोन डोमकावळे येऊन बसलेले.

"गुरुजी, धावा! कावळे आले!"

म्हातारा आला आणि त्याने आधी ते कुंपणच उधळलं. मग त्याच फांद्या ओढत तो दूर गेला, मोकळ्या जमिनीवर त्या पुन्हा गोल रचल्या आणि तिकडे तोंड करून बसला. आत काय? नुसती माती.

"अहो, पिलं तिकडे आहेत! तुम्हाला दिसत नाही का?"

"दिसतंय. गुमान इथे बस. आणि मान वळवलीस तर याद राख."

टिटवी आकांत करत होती. तीही पिलांपासून लांबच, मोडल्यासारखा पंख फरफटवत. शिष्याच्या मानेला रग लागली. डोक्यावरून पंखांचा आवाज गेला. कुठे गेला, कळेना.

दोन्ही कावळे समोरच्या कुंपणात उतरले. माती उकरली, काही मिळालं नाही, तसे उडून गेले.

"आता ऐक," म्हातारा म्हणाला. "पिलांना उडता येत नाही, लढता येत नाही. एकच शस्त्र आहे, आपण कुणाच्या नजरेत भरायचं नाही. आईने इशारा दिला की ती निश्चल होतात, दगडांत दगड. सशीण पिलांना गवतात ठेवते आणि दिवसभर जवळ फिरकत नाही. तिला काय माया नाही? कावळा पिलं शोधत नव्हता रे, तो तुला बघत होता. तुझी माया त्याला वाट दाखवत होती."

"मग मी काहीच करायचं नाही?"

"करायचं की. न बघता बसायचं. बघ जमतंय का."

लेकरांची काळजी चारचौघांत मिरवणाऱ्यांनीही हे करून बघावं.

उन्हं कलली. पाठीमागे टिटवी हलक्या आवाजात बोलली आणि दगडांतून बारीक चिवचिव उमटली. एक पिलू वाचलं की सगळी, हे पाहायला मान वळवावी लागली असती.

शिष्याने ती वळवली नाही.